उसाचा काटा आणि आकाशाच्या गप्पा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ, हातकणंगल्याकडचा ऊस उत्पादक कारखान्याच्या काट्यावर सहजासहजी विश्वास ठेवत नाही. भरलेली गाडी आधी बाहेरच्या खासगी काट्यावर चढवायची, पावती खिशात घालायची आणि मग कारखान्याच्या पावतीशी ताडून बघायची, ही इकडची जुनी रीत. काटामारी म्हणजे काय, हे इथं शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. उताऱ्याचंही, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीचंही तसंच. २०२४-२५च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागं ३४० रुपये एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवून दिलेला किमान दर, होती आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे. हा हिशोब माणसं पारावर बसून तोंडी करतात आणि वार्षिक सभेत उभं राहून चेअरमनला विचारतात. दूध संस्थेत म्हशीची फॅट कालपेक्षा एका पॉइंटनं कमी लागली, तर किटली उचलायच्या आधी प्रश्न येतो, मशीन कधी तपासलंय?

तोच माणूस रात्री जेवून मोबाइल हातात घेतो आणि ‘नासानंही अखेर मान्य केलं’ असा सुरू होणारा मजकूर घरच्या, गल्लीच्या आणि तालमीच्या अशा तिन्ही ग्रुपवर टाकून झोपतो. नासातल्या कुणी, कधी, कशाच्या जोरावर मान्य केलं, याची पावती कुणीच मागत नाही.

कोल्हापुरात विज्ञानाच्या गप्पांची टंचाई आहे, असं मला वाटत नाही. चांद्रयान, कृष्णविवर, एआय, परग्रहावरची माणसं हे विषय तालमीच्या कट्ट्यावर, मिसळीच्या टेबलावर आणि रंकाळ्याच्या कठड्यावर बसून चघळले जातात, अगदी फुटबॉलच्या मॅचइतक्या हिरिरीनं. या गप्पांना रिकामटेकडेपणा म्हणून नाकं मुरडणारे आहेत. मी त्यांच्यातला नाही. गप्पा झाल्याच पाहिजेत, मराठीतून झाल्या पाहिजेत आणि ज्याला त्यातलं काही कळत नाही त्यानंही त्यात तोंड घातलं पाहिजे. माझी तक्रार वेगळी आहे. संशय घेऊन मोजून बघायची जी सवय आपल्या अंगात मुरलेली आहे, ती कारखान्याच्या गव्हाणीपाशीच थांबते. आकाशाचा विषय निघाला की आपण एकतर छाती फुगवतो नाहीतर मान डोलावतो.

चांद्रयान-३ घ्या. २३ ऑगस्ट २०२३ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी त्याचा ‘विक्रम’ हा लँडर चंद्रावर उतरला, आणि ‘भारत चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर’ हे वाक्य दसरा चौकातल्या फलकापासून शाळेच्या फळ्यापर्यंत सगळीकडे गेलं. विक्रम उतरला ती जागा आहे ६९.३७ अंश दक्षिण अक्षांशावर. ध्रुव तिथून ६०० किलोमीटरहून जास्त लांब. पृथ्वीवर उत्तरेकडे जवळपास याच अक्षांशावर नॉर्वेतलं ट्रॉम्सो शहर आहे, आणि ट्रॉम्सोचा माणूस उत्तर ध्रुवावर राहतो असं कुणी म्हणत नाही. तोवर ध्रुवाच्या इतक्या जवळ कुठल्याच देशाचं यान अलगद उतरलं नव्हतं, ही खरी गोष्ट पुरेशी मोठी होती. तिला फुगवायची गरज नव्हती.

फुगवण्याच्या नादात जास्त रंगतदार भाग निसटतो. सप्टेंबर २०१९मध्ये चांद्रयान-२चा विक्रम आदळला तेव्हा काय बिघडलं आणि मग काय बदललं, यावर कट्ट्यावर दोन रात्री सहज निघाल्या असत्या. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला, चुका साचत गेल्या, त्या निस्तरण्यासाठी यानाला जेवढ्या झपाट्यानं वळायला हवं होतं तेवढी मुभा सॉफ्टवेअरमध्ये दिलेली नव्हती. उतरायला नेमून दिलेली जागाही ५०० मीटर बाय ५०० मीटर, म्हणजे एखाद्या बऱ्या मळ्याएवढी. पुढच्या खेपेला ती ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली, पाय भक्कम केले, इंधन वाढवलं, पाचांतलं मधलं इंजिन काढून टाकलं. काय काय चुकू शकतं याची यादी करून इस्रोनं यान बांधलं. हे ऐकल्यावर अभिमान कमी होतो का? मला तर उलट वाटतं.

पण चंद्र लांब आहे. आपल्या घराजवळचं उदाहरण आहे किरणोत्सवाचं, आणि त्यावर मी जरा रेंगाळणार आहे.

अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख. वर्षातून दोनदा मावळतीची किरणं महाद्वारातून शिरतात आणि गरुड मंडप, पितळी उंबरा असं करत गाभाऱ्यात पोहोचतात. तारखा शहराला पाठ आहेत. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी संपूर्ण मूर्तीवर, असा क्रम सांगितला जातो. दोनदाच का, याचं उत्तर बोटांवर मोजता येतं. २१-२२ डिसेंबरला सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो. त्याआधी सहा आठवडे आणि त्यानंतर सहा आठवडे मोजा, दोन्ही तारखा हाती येतात. दोन्ही वेळी सूर्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं त्याचं अंतर, दक्षिणेला १७ अंशांच्या आसपास असते, आणि कोल्हापुरातून पाहिलं तर सूर्य नेमक्या पश्चिमेच्या साधारण १८ अंश दक्षिणेला मावळतो. देवळाची वाट त्या दिशेला उघडी आहे. इथवर कुणाचं भांडण नाही.

भांडण सुरू होतं ते एखाद्या वर्षी किरणं कमरेपर्यंतच पोहोचली की. ‘पृथ्वीचा आस कलला, आता काय पूर्वीसारखं राहिलं नाही’ असं एखादा गंभीर चेहऱ्यानं सांगतो आणि बाकीचे हळहळतात. आता हे वाक्य काट्यावर चढवू. पृथ्वीच्या आसाचा कल बदलतो हे खरं. पण शंभर वर्षांत तो बदलतो सुमारे ४७ विकला (एका अंशाच्या ३६०० विकला). हजार वर्षांत होतो अंशाचा जेमतेम आठवा भाग. आकाशात सूर्याचं बिंबच अर्ध्या अंशाचं असतं, आणि या दिवसांत त्याची क्रांती एका दिवसात पाव अंशाहून जास्त सरकते. म्हणजे हजार वर्षांत आसानं जेवढा फरक पाडला, त्याच्या दुप्पट फरक आज आणि उद्यात पडतो. आसाला कशाला बदनाम करायचं? किरणांच्या वाटेत येतात त्या इमारती, ढग, धूळ आणि दमट हवा. इमारतीचा मालक आपल्या ओळखीचा असतो, आसाला मालक नसतो, हा यातला खरा फरक असावा.

याच हिशोबातून एक गमतीचा पेच निघतो, आणि तो कुठल्याच कट्ट्यावर मी कधी ऐकला नाही. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडे चाललेला असतो, जानेवारी-फेब्रुवारीत उत्तरेकडे. त्यामुळं ९ नोव्हेंबरच्या सूर्याची जोडी जुळते २ फेब्रुवारीशी आणि ११ नोव्हेंबरची ३१ जानेवारीशी. दिशा एवढीच गोष्ट धरली तर क्रम एका खेपेला उलटा व्हायला हवा. नोव्हेंबरात चरणांपासून सुरुवात होत असेल, तर जानेवारीअखेर पहिल्याच दिवशी संपूर्ण मूर्ती उजळायला हवी. सांगितला जातो तो क्रम मात्र दोन्ही वेळा चढताच. मग किरण किती वर चढतो हे दिशेवर कमी आणि शेवटच्या काही मिनिटांत क्षितिजालगत सूर्य कितपत स्वच्छ दिसतो यावर जास्त ठरत असेल का? सूर्य जसा खाली जातो तसा किरण आडवा होत मूर्तीवर वर सरकतो. म्हणजे ज्या दिवशी क्षितिज मोकळं, त्या दिवशी किरण उंच. हा अंदाज खरा की खोटा, हे ठरवायला दुर्बीण लागत नाही. किरण महाद्वारात कधी, पितळी उंबऱ्यावर कधी, चरणांवर कधी, कुठे लुप्त झाला, हे सगळं आपल्या वर्तमानपत्रांत मिनिटांसह छापून येतं. दहा-वीस वर्षांची कात्रणं जमवून एका वहीत उतरवली की अकरावीतला पोरगा किंवा पोरगी निकाल देऊ शकते.

जाता जाता आणखी एक. दोन्ही किरणोत्सवांत दिवसाची लांबी सारखीच असते, तरी नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि फेब्रुवारीत साडेसहाच्या सुमारास. घड्याळ सरळ चालतं, सूर्य तसा चालत नाही. पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेला, त्यामुळं नोव्हेंबराच्या सुरुवातीला सूर्य घड्याळाच्या सोळा मिनिटं पुढं असतो, फेब्रुवारीच्या सुरुवातीला तेरा-चौदा मिनिटं मागं. बेरीज करा, अर्धा तास झाला. देवीपुढं हात जोडून उभ्या असलेल्या माणसाला हे माहीत असल्यानं त्याची भक्ती कुठे उणी होते, मला तरी कळलेलं नाही.

आता एक हरकत येणार, आणि ती वजनदार आहे. संशय घ्या म्हणता, मग ‘माणूस चंद्रावर गेलाच नाही’ म्हणणाराही संशयच घेतोय की! त्याला काय म्हणणार?

त्याला उसाच्या फडात घेऊन जायचं. तिथला शेतकरी संशय घेतो, दुसऱ्या काट्यावर जातो, आणि दोन्ही पावत्या जुळल्या की गप गुमान ऊस घालतो. पुढच्या वर्षी पुन्हा तपासेल, पण आज त्यानं निकाल मानला. चंद्रावाल्याची गोष्ट तशी नाही. अपोलो ११, १४ आणि १५च्या मोहिमांनी चंद्रावर आरसे ठेवले आहेत, आलेला प्रकाश आल्या दिशेनंच परत पाठवणारे. आजही वेधशाळा त्यांच्यावर लेसर सोडतात आणि अडीच सेकंदांनी परतलेला प्रकाश टिपून चंद्राचं अंतर मोजतात. हे सांगितलं की तो म्हणतो, आरसे यंत्रानं ठेवले असतील. नासाच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानानं काढलेली, अपोलोच्या जागांची आणि पायवाटांची छायाचित्रं दाखवली की म्हणतो, ती त्यांचीच. कुठला काटा मान्य आहे ते एकदा आधी सांग, असं म्हटलं की विषय बदलतो. अशा माणसाशी वाद घालत बसण्यात मला रस नाही. त्याला चहा पाजावा.

संशय मोजण्यापर्यंत नेऊन दाखवल्याचं एक ठसठशीत उदाहरण याच मातीतल्या माणसाचं आहे. जयंत नारळीकर कोल्हापुरात जन्मले, १९३८ साली. गेल्या वर्ष-दोन वर्षांत त्यांच्या नावानं श्रद्धांजलीचे मजकूर भरपूर फिरले, पण त्यांनी २००८च्या सुमारास केलेला साधा प्रयोग त्यांत फारसा दिसला नाही. पत्रिकेवरून बुद्धिमत्ता सांगता येते का? दोनशे मुलांच्या पत्रिका, निम्मी मुलं अभ्यासात हुशार, निम्मी मतिमंद. प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतल्या चाळीस पत्रिका दिल्या आणि कोणती कुठल्या गटातली ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली. सरासरी बरोबर निघाली ४६ टक्के. छापा-काटा करून पन्नासाच्या आसपास आली असती. यात कुणाची टिंगल नाही, आरडाओरडा नाही. कट्ट्यावरचाच प्रश्न घेतला, दोन्ही बाजूंना मान्य होईल असा काटा मांडला आणि आकडा वाचून दाखवला.

प्रोग्रॅमिंगच्या गप्पांची दशा मात्र निराळी आहे. तिथं फेकाफेकी कमी, पण कोरडेपणा जास्त. ‘कोडिंग करतो’ म्हटलं की पुढचा प्रश्न ‘पॅकेज किती?’ आणि त्याच्या पुढचा ‘पुणे का बेंगळूर?’ इंजिनिअरिंग कॉलेजं भरमसाट, पण यंत्र असं का वागतं म्हणून दोघं भांडताहेत हे दृश्य दुर्मीळ. आता तर उत्तर एआय लिहून देतं, आणि ते बरोबर आहे का विचारलं तर पोरं पुन्हा त्याच एआयला विचारतात. एकाच काट्यावर गाडी दोनदा चढवण्यातला हा प्रकार.

वास्तविक या विषयात काटा हाताशी असतो, फुकट. कुठल्याही ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ०.१ अधिक ०.२ टाइप करून बघा. उत्तर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येतं. दहा हजार रुपयांच्या मोबाइलवरही आणि लाखाच्या लॅपटॉपवरही. आपल्या दशमान पद्धतीत एकतृतीयांश पुरता लिहिता येत नाही, ०.३३३ करत बसावं लागतं, तसा संगणकाच्या द्विमान पद्धतीत एकदशांश पुरता लिहिता येत नाही. कुठेतरी तोडावा लागतो, आणि तोडलेला तुकडा साचत जातो.

साचून काय होतं, ते २५ फेब्रुवारी १९९१ला सौदी अरेबियात धाहरानला दिसलं. तिथली पॅट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा वेळ सेकंदाच्या दशांशांत मोजत होती आणि तो दशांश २४ बिटांत तोडून ठेवलेला होता. यंत्रणा शंभर तास सलग चालू राहिली. चूक साचून झाली सेकंदाच्या तिसऱ्या भागाएवढी. तेवढ्यात इराकचं स्कड क्षेपणास्त्र अर्धा किलोमीटरहून जास्त पुढं जातं. पॅट्रियटनं आकाशात चुकीच्या जागी पाहिलं, काही दिसलं नाही, आणि बराकीत अठ्ठावीस अमेरिकी सैनिक मेले. सुधारलेलं सॉफ्टवेअर धाहरानला पोहोचलं ते दुसऱ्या दिवशी.

ज्या जिल्ह्यात फॅटच्या एका पॉइंटवर घरखर्च हलतो, तिथं दशांशाची ही गोष्ट प्रत्येक पोराला माहीत हवी. उद्या त्यांतलंच कुणीतरी दूध संस्थेचं किंवा पतसंस्थेचं बिलिंग लिहिणार आहे. रक्कम रुपयांच्या अपूर्णांकात न ठेवता पैशांच्या पूर्णांकात ठेवायची, ही सवय परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेतून लागत नाही. ती लागते कुणीतरी चेष्टेत ‘अरे भावा, तुझ्या कॉम्प्युटरला ०.३ येत नाही’ म्हणून डिवचल्यावर.

अशा डिवचण्यातूनही मोठी कामं निघतात, हे सांगायला लोक लिनक्सचा दाखला देतात. ऑगस्ट १९९१मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं, मी हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, फार मोठी होणार नाही, अशा अर्थाचं छोटंसं निवेदन संगणकावरच्या एका चर्चागटात टाकलं, आणि आज अँड्रॉइड फोनच्या पोटात तीच आहे. दाखला खरा आहे, पण मला तो या जागी फारसा आवडत नाही. गप्पांतून काहीतरी निघालंच पाहिजे, ही अटच मुळात पॅकेजवाल्या प्रश्नाची बहीण आहे. गप्पांतून काही निघालं नाही तरी चालेल. त्यातला आकडा तपासलेला असला म्हणजे झालं.

तज्ज्ञ मंडळींचा आक्षेप असा, की अर्धवट माहितीवर सामान्यांनी बोलू नये. उत्तर तज्ज्ञांनीच द्यावं, हे मान्य. पण प्रश्न विचारायला पदवी कशाला हवी? आणि उत्तर देणारा खाली कट्ट्यावर उतरणारच नसेल, तर ती जागा ‘नासानंही मान्य केलं’वाला घेणार. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं केंद्र आहे. तिथल्या रडारनं १९९९पासून आपल्या डोक्यावरच्या ऐंशी-नव्वद किलोमीटर उंचीच्या वाऱ्यांची निरीक्षणं घेतली, त्यांवर जगभरच्या नियतकालिकांत शोधनिबंध आले. अवकाश जिथं सुरू होतं असं मानतात त्या शंभर किलोमीटरच्या जरासं अलीकडचे हे वारे. सायबर चौकात उभं राहून दहा जणांना विचारा. कितींना हे ठाऊक असेल, याची पैज मी लावणार नाही.

पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी हे शहर फूट-इंचांत तासातासाला विचारतं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे घराघरात पाठ आहेत, कारण ते मराठीतून रोज समोर येतात आणि कुणालाही पुलावर जाऊन पडताळता येतात. विद्यापीठानं तसाच एक फलक दारात लावावा. नव्वद किलोमीटरवरच्या वाऱ्याची दिशा आणि वेग, जमेल तेवढ्या ताज्या नोंदीतून, मराठीत. पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारेल, तिथं मोजायला गेलं कोण? प्रश्न अगदी रास्त आहे. हवामानाचा फुगा पस्तीसेक किलोमीटरच्या आसपास फुटतो, आणि नव्वद किलोमीटर इतक्या खाली उपग्रह टिकत नाही. तेव्हा फलकाशेजारी एक माणूसही उभा असावा. रडार जमिनीवरून १.९८ मेगाहर्ट्झच्या लहरी वर सोडतं, तिथल्या विद्युतभारित हवेवरून त्यांचा थोडासा भाग परत येतो, आणि तो एकमेकांपासून दूर ठेवलेल्या तीन अँटेना टिपतात. जी खूण एकीला आधी दिसते ती दुसरीला किंचित उशिरा दिसते. त्या उशिरावरून वारा कुठून कुठे आणि किती जोरानं चालला ते काढतात. एवढं त्यानं समोरच्याला सांगावं, आणि त्यावर समोरचा जे उलट विचारेल तेही ऐकून घ्यावं.